फळ धरणारी वेल

मार्च लागला की आमच्या गल्लीतल्या बायांचा आवाज खाली येतो. पोरं माडीवर अभ्यासाला बसलेली असतात, म्हणून टीव्हीवर कापड पडतं, पाहुण्यांना परस्पर वाटेला लावलं जातं आणि भांडणंसुद्धा मे महिन्यापर्यंत पुढे ढकलली जातात. धुळ्यातलं ऊन होळीची वाट बघत नाही. सकाळीच अंगणातली फरशी पाय टेकवू देत नाही, आणि दुपारी हायवेवरच्या ट्रकांनाही डुलकी लागली असावी असं वाटतं. अशाच एका दुपारी शेजारच्या वंदनाताई पदराने वारा घेत आल्या, पाणी प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग मुद्द्यावर आल्या. "शोभाताई, तुमचं गाव चोपड्याकडचं ना? तिकडे मालकांगोणीचं तेल अस्सल मिळतं म्हणे. आमच्या संदीपचं बारावीचं वर्ष आहे. एवढीशी बाटली मिळाली तरी चालेल."

मी म्हटलं, "आता नाही मिळत."

"अहो, सातपुडा तुमच्या दारात. जंगलात वेल तर असेलच?"

"वेल आहे. तिला बी येत नाही."

घरात दही असून विरजणाला नाही म्हणणाऱ्या बाईकडे बघावं, तसं वंदनाताईंनी माझ्याकडे बघितलं. चहा नको म्हणाल्या आणि गेल्या. मला वाईट वाटलं नाही. खरं बोललं की लोक चहा सोडून जातात, हे मला नवं नाही.

ज्यांना ही वेल ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. वेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कारल्या-दोडक्याचा मांडव येतो. मालकांगोणी तशी नाजूक नाही. हिचं खोड मनगटाएवढं, जुनं असलं तर पोटरीएवढं, सालीवर पांढुरके ठिपके, आणि अंजन नाहीतर धावड्याचं झाड धरून ती थेट शेंड्यापर्यंत जाते. दिवाळीच्या सुमारास तिला पिवळ्या मण्यांचे घोस लागतात. फळ तडकतं तेव्हा त्याच्या तीन पाकळ्या उघडतात आणि आत शेंदरी गराने माखलेलं बी दिसतं. पानं झडायला लागलेल्या रानात तो शेंदरी रंग लांबून कळतो, बुलबुलांना आधी आणि माणसांना नंतर. या बियांचं तेल काढतात. तांबूस, दाट, वासाला उग्र आणि चवीला असं कडू-तिखट की जिभेवरून घशाखाली जाईपर्यंत माणूस डोळे मिटून घेतो. त्याने बुद्धी तल्लख होते, वाचलेलं ध्यानात राहतं, असा आमच्याकडे जुना विश्वास. वैद्याच्या पुडीत होतं तोवर ते औषध होतं. बारावीच्या मार्कांवर डॉक्टर-इंजिनियर व्हायचे दिवस आले आणि मुलगा असलेल्या घराघराला ते हवंसं झालं.

आमच्या घरात तो हंगाम आला तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. नाना, म्हणजे माझे वडील, जळगावात एका जिनिंग प्रेसमध्ये कारकून होते. माझा भाऊ प्रकाश माझ्याहून वर्षाने मोठा, पण बारावीत एकदा राहिल्यामुळे आम्ही दोघं एकाच मार्चला बसणार होतो. मला पुढे बी.एस्सी. करायचं होतं, वनस्पतीशास्त्र घेऊन, आणि मग कॉलेजात शिकवायचं होतं. हे मी आठवीपासून बोलत आले होते, त्यामुळे घरात कोणाला त्याचं नवल उरलं नव्हतं. नाना कधी नाही म्हणाले नाहीत. 'बघू' म्हणायचे. त्या वर्षी मात्र त्यांनी अट सांगितली, जेवताना, कळण्याची भाकरी कुस्करता कुस्करता. प्रकाश पास झाला तर दोघंही कॉलेजात जातील. तो राहिला, तर मी एकटीने पुढे जायचं नाही. धाकटी बहीण कॉलेजात आणि थोरला भाऊ ओट्यावर, हे चित्र त्यांना भाऊबंदांना दाखवायचं नव्हतं. म्हणजे मी पेपर कसाही लिहिला तरी माझा निकाल प्रकाशच्या उत्तरपत्रिकेत लागणार होता. मला राग आला, पण मी भाजी वाढली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आबांकडे गेलो. आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. त्यांची शेती चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, जिथे कपाशीचं शेवटचं रान संपतं आणि बांध ओलांडला की जंगलच. नानांनी तिथे पोचल्या पोचल्या सांगून टाकलं, "यंदा पोऱ्याले तेल कमी पडाले नको." आबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर कामाला येणाऱ्या जमनाबाईला आणि तिच्या घरच्या माणसांना घेऊन ते डोंगराकडे निघाले. जमनाबाई वरच्या पाड्यावरची, पावरा आदिवासींतली बाई. मीही परडी घेऊन मागे लागले. मला वेल बघायची होती.

रानात धुकं नव्हतं पण गवत ओलं होतं, आणि चालताना कुसळं परकराला चिकटत होती. पूर्वी ही माणसं झाडावर चढून हाताला लागतील तेवढे घोस तोडायची आणि शेंड्याकडचं पाखरांना सोडायची, असं जमनाबाईने मला वाटेत सांगितलं. आता तालुक्याचा व्यापारी पोत्याने मागत होता, आणि चढून पोतं भरत नाही. म्हणून नवी रीत निघाली होती. वेलीच्या बुंध्याशी कुऱ्हाड घालायची, ती तोडायची आणि मग सगळ्यांनी मिळून तिला खाली ओढायची. वेल सहजी सुटत नाही. तिने झाडाला इतके वेढे दिलेले असतात की ओढणाऱ्यांच्या हाताची सालं निघतात, वरच्या फांद्या कडाडतात, आणि शेवटी ती धूळ, पानं, मुंग्या, पाखरांची काटक्यांची घरटी असं सगळं घेऊन खाली येते. खाली आली की बाया तिच्यावर बसून घोस ओरबाडतात. फळांचा पिवळा-शेंदरी ढीग झाला तेव्हा तो फार सुंदर दिसत होता. बोटांना तेलकट वास लागला, तो संध्याकाळी राखेने घासूनही गेला नाही.

जरा पलीकडे दुसरी वेल होती. तितकीच जाड, तितकीच उंच, पण अंगावर एकही घोस नाही. तिला कोणी हात लावला नाही. मी आबांना कारण विचारलं.

"हाई वांझ शे," आबा म्हणाले. "राहू दे तिले. पुढला सालले धरी."

अशा वांझ वेली त्या ओढ्याकाठी पुष्कळ होत्या. कणगीत शिल्लक राहिलेलं धान्य दाखवावं तसे आबा मला त्या एकेक करून दाखवत होते. आज तोडली ती बुडातून पुन्हा फुटेल आणि या उरल्या त्या पुढच्या साली फळतील, म्हणजे दरवर्षी कापलं तरी रान भरलेलंच राहील, असा त्यांचा विचार. तो त्यांच्या एकट्याचा नव्हता, पायथ्याच्या सगळ्या गावांचा होता. बुडातून फुटवे येतातही, पण ते शेळ्या ठेवत नाहीत. आणि पुढल्या सालचं म्हणाल तर त्याची गंमत मला सुट्टी संपल्यावर कळली.

कॉलेज सुरू झाल्यावर मी आमच्या वनस्पतीशास्त्राच्या सरांना गाठलं आणि विचारलं, की एकाच रानात काही मालकांगोण्या फळतात आणि काही नाही, असं का. सरांनी खडूचे हात झटकले. म्हणाले, "मालकांगोणीत बहुधा नर-फुलं एका वेलीवर आणि मादी-फुलं दुसऱ्या वेलीवर असतात. तुमचे काका ज्यांना वांझ म्हणतात त्या नर असतील. त्या कधीच फळणार नाहीत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. पण परीक्षेत येत नाही, तेव्हा सध्या सोडा."

मी तो सोडला नाही. जिन्यात उभी राहून मी ते पुन्हा पुन्हा मनाशी मांडत होते. तोडल्या जात होत्या त्या सगळ्या फळणाऱ्या. राखल्या जात होत्या त्या सगळ्या कधीच न फळणाऱ्या. आणि राखणाऱ्यांना वाटत होतं की आपण पुढच्या सालची तरतूद केली आहे. वर नराला वांझ म्हणायचं. फळ दिसलं नाही की दोष बाईच्या नावावर टाकायचा, ही आमच्या लोकांची सवय इतकी मुरलेली की रानातली वेलसुद्धा तिच्यातून सुटली नाही. मला हसूही आलं होतं तेव्हा. अठरा वर्षांच्या मुलीला अशा गोष्टींचं हसू येऊ शकतं.

संक्रांतीला आबा बियांचं गाठोडं घेऊन एसटीने जळगावला आले. वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा असं त्यांच्या आवडीचं जेवण झाल्यावर मी धीर करून सरांचं बोलणं त्यांना सांगितलं. आबा आधी ऐकत राहिले, मग गडगडून हसले. "वेलमा बी नर-मादी ऱ्हास का पोरी? कॉलेजमा तुले भलतंच शिकाडतस." मी पपईचं उदाहरण दिलं. पपईतलं त्यांना माहीत होतं, परसात नर पपई निघाली की ते ती उपटून टाकत. पण पपई आपण लावतो, जंगल देवाचं, देव असला घोटाळा कशाला करेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. "आन जंगल कितलं मोठं शे. सरनार शे का ते?" नाना सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हाई परीक्षामा येस का?" मी नाही म्हटलं. मग तो विषय तिथेच मिटला.

बी आलं की घाण्याची पाळी. आमच्या पेठेतला तेली हे बी घाण्यात घालायला कुरकुर करायचा. "तुमनं हाई कडू बी टाकं का मन्हा घाणा नासस," म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. मालकांगोणी काढल्यानंतर घाणा कितीही पुसला तरी पुढच्या गिऱ्हाइकाच्या तिळाच्या तेलात तो कडूपणा उतरायचा. संक्रांत सरली की आमच्या पेठेतल्या सगळ्या घरांच्या भाज्यांना जरा उग्र चव यायची, आणि बाया एकमेकींना विचारायच्या, यंदा कोणाकोणाचा मुलगा बारावीला.

मुलगी बारावीला असली तर घाणा कडू होत नसे. रोज सकाळी आंघोळ झाली की प्रकाशला देवापुढे पाटावर बसवत, तोंड पूर्वेला. माय बताशावर थेंब टाकायची, नाना शेजारी उभे राहून बघायचे, आणि प्रकाश डोळे घट्ट मिटून बताशा गिळायचा. मी त्याच वेळी दप्तर भरत असायचे. एकदा मी माझा हात पुढे केला. माय म्हणाली, "तुले नको. पोरीस्ले गरम पडस ते." नाना म्हणाले, "उद्या लगीन व्हई, लेकरूबाळ व्हवानं शे तिले." माझ्या डोक्याआधी माझ्या पोटाचा विचार झाला होता. मी दप्तर उचललं आणि निघाले. नंतर प्रकाशनेच एकदा मला मागच्या दारी गाठून बताशा हातात कोंबला आणि म्हणाला, "शोभे, तू खाय ना मन्हा वाटानं." मी खाल्ला. तो कडूपणा दुपारपर्यंत तोंडातून गेला नाही, आणि त्या दिवशी मला काही जास्त आठवलं असंही झालं नाही.

फेब्रुवारीत ऊन चढलं तसा प्रकाशच्या नाकाचा घोळणा फुटायला लागला. वाचता वाचता वहीवर रक्ताचे थेंब पडायचे. माय घाबरली, तिने कांदा फोडून हुंगायला दिला. नाना मात्र खूश होते. तेल लागू पडतंय, डोक्यातलं साचलेलं बाहेर येतंय, असं ते शेजाऱ्यांना सांगत, आणि थेंब वाढवत. प्रकाश बिचारा पुस्तक पालथं घालून गच्चीवर जाऊन बसायचा. त्याला मोटारी उघडायला आवडायच्या. गल्लीतल्या कोणाचाही पंखा, मिक्सर, विहिरीवरची मोटार बिघडली की तो पान्हा घेऊन हजर. ते त्याला कोणी न शिकवता यायचं, आणि म्हणूनच घरात त्याला कोणी हुशारी म्हणत नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. मी पहिल्या वर्गात पास झाले. प्रकाश फिजिक्स आणि गणितात राहिला. घरात कोणी मेल्यासारखी शांतता होती, आणि त्या शांततेत माझे पेढे कोणी आणले नाहीत. नाना बरेच दिवस ओट्यावर आले नाहीत. मग त्यांना कारणं सापडली. प्रकाश राहिला कारण यंदा बी कोवळं होतं. आणि मी पास झाले कारण, हे त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, "घरमा तेलना वास व्हता, तो तिले लागना." माझ्या पहाटे, माझ्या वह्या, कंदिलाच्या काजळीने काळ्या झालेल्या माझ्या नाकपुड्या, सगळं त्या वासात गेलं. मी हे इतक्या वर्षांनी सांगतानाही माझा आवाज चढतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले. भांडून काही होणार नव्हतं, म्हणून मी वर्तमानपत्रातली प्रवेशाची जाहिरात वर येईल अशी घडी घालून नानांच्या पाटाशेजारी ठेवायचे. ते तिच्यावर चहाचा कप ठेवायचे. मुदत संपली त्या दिवशी कागदावर कपाचा गोल डाग होता आणि मायने त्याच कागदात लसूण बांधून ठेवला. पुढच्या साली होईल, असं सगळे म्हणाले. मी ओढ्याकाठच्या त्या वेलींचा विचार करत वर्षभर घर झाडलं.

पुढच्या दिवाळीला आबांना बी मिळवायला दोन डोंगर आत जावं लागलं. आणलं ते गाठोडं पहिल्याच्या अर्ध्यानेही नव्हतं. बांधाजवळच्या वेलींचं काय झालं, असं मी विचारलं. "त्या वांझ औंदा बी धरन्या नहीत," आबा म्हणाले आणि जरा विचारात पडले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पुढला सालले." तेल निघालं, बताशे आले, घोळणा फुटला, प्रकाश पुन्हा राहिला. त्याचा निकाल लागायच्या आधीच, मे महिन्यात, माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला आले. शिकू देऊ की, असं सासरच्यांनी बैठकीत सांगितलं होतं. तसं त्यांनी नाहीही म्हटलं नाही कधी. मला कोणी डांबलं नाही, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. नवरा सरकारी कचेरीत, साधा माणूस. कोणाकडे बोट दाखवून ओरडावं असं काही माझ्या आयुष्यात घडलेलंच नाही, आणि याचाच मला जास्त संताप येतो.

प्रकाशने शेवटी बारावी सोडली. जळगावात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे आणि ते चांगलं चालतं. केळीवाल्या शेतकऱ्यांच्या पाण्यातल्या मोटारी त्याच्याकडे येतात. तो मला एकदा म्हणाला, "मले बारावी नकोच व्हती, शोभे. तुले पायजे व्हती. आपला दोन्हीसना पाट बदलता उना असता ते बरं व्हतं." तो वाईट नाही. घरात कोणीच वाईट नव्हतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी आबांकडे गेले होते. ओसरीवर एक तरुण प्राध्यापक पाणी पीत बसले होते. पाठीवरची पिशवी उतरवलेली, बुटांना कुसळं. कुठल्याशा कॉलेजकडून ते सातपुड्यातल्या वेलींची पाहणी करत फिरत होते. कोणती वेल संपत चालली आहे, कोणती टिकून आहे, हे ठरवायचं काम. मी मालकांगोणीचं विचारलं.

"मुबलक आहे," ते म्हणाले. "प्रत्येक ओढ्याला दिसली. चांगल्या जुन्या वेली आहेत."

"फळ दिसलं का एखादीवर?"

ते विचार करायला लागले. "नाही. हंगाम संपला असेल."

"हंगाम हाच. आता रान शेंदरी दिसायला हवं."

त्यांनी पेला खाली ठेवला. माणूस प्रामाणिक होता, टाळाटाळ केली नाही. म्हणाले, "तुमच्या बोलण्यातलं कळतंय मला. नर-मादी फुलांवरूनच ओळखता येते, आणि फुलं येतात उन्हाळ्यात. तेव्हा आम्ही पेपर तपासत असतो. आम्ही हिवाळ्यात येतो आणि जिवंत वेली मोजतो. सगळ्या नर असल्या तरी आमच्या लेखी त्या वेलीच."

"मग काय लिहिणार?"

"सध्या तरी मुबलक."

निघताना त्यांनी विचारलं, "तुम्ही बॉटनीच्या का?" मी म्हटलं, "नाही, मी धुळ्याला असते." त्या उत्तराला काही अर्थ नव्हता, पण त्यांनी मान डोलावली आणि बूट झटकून निघून गेले.

त्या संध्याकाळी मी बांध ओलांडून ओढ्याकाठी गेले. वेली होत्या. पोटरीहून जाड झाल्या होत्या, एकीने तर अंजनाचा शेंडा वाकवला होता. त्यांच्याकडे बघून कोणी म्हणणार नाही की ही जात इथून चालली आहे. त्या अजून कितीतरी वर्षं उभ्या राहतील, दर उन्हाळ्यात फुलतील, पराग वाऱ्यावर आणि किड्यांच्या पायांवर पाठवत राहतील, आणि तो घेणारी आसपास कोणी नसेल. बुलबुल दिसले नाहीत. जमिनीवर एखादं रोप उगवलंय का म्हणून मी वाकून पालापाचोळा बाजूला केला, तर खाली नुसती कोरडी माती. संपणं म्हणजे काहीतरी पडणं, मोडणं, आवाज होणं, असं मला तोवर वाटायचं. इथे सगळं हिरवं आणि उभं होतं. मला तिथे थांबवेना.

आता वंदनाताई गेल्यावर हे सगळं उफाळून आलं, आणि दोन दिवसांनी मी जळगावची एसटी पकडली. नानांना बघायचं होतं. वर्ष-दीड वर्षापासून नाना विसरायला लागले आहेत. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. मायला ते ओळखतात, पण कधी कधी स्वतःची आई समजून. मी पोचले तेव्हा प्रकाश दुकान अर्धवट सोडून जेवायला घरी आला होता आणि नानांना बताशा भरवत होता. बाजारातून त्याने तेलाची बाटली आणली होती, वर वेलीचं रंगीत चित्र. नानांनी बताशा चघळला, डोळे मिटले नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. "गोड शे," म्हणाले. मी प्रकाशकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "मले माहीत शे, खोटं शे ते. खरं कोठून आणू? काहीतरी ते करनं पडस ना."

मी उन्हातून आले होते. खांद्याला पर्स, डोळ्यांवर चष्मा, अंगावर इस्त्रीची सुती साडी. नानांनी मला दारात नीट निरखलं आणि ते खाटेवरून उठले. टोपी सारखी केली. दोन्ही हात जोडले. माझ्यासमोर ते जन्मात कधी उभे राहिले नव्हते.

"या बाई, बसा," ते म्हणाले. "तुम्ही कॉलेजमा शिकाडतस ना?"

प्रकाश काही बोलणार होता, मी त्याला हाताने थांबवलं. "हो," मी म्हटलं. "वनस्पतीशास्त्र."

त्यांचा चेहरा उजळला. कोणीतरी शब्द घातला तर काम होईल, अशा वेळी कारकुनी माणसाच्या चेहऱ्यावर येतो तसा अदबशीर आनंद. ते जरा पुढे झुकले. "मन्हा पोऱ्या बारावीले शे. मेहनत करस, पन फिजिक्स राही जास. तेवढं तुम्ही पाहा बाई. काही करा, पन औंदा त्याले काढा."

मी बसले. तेही समोर खुर्चीवर टेकले. ज्या खुर्चीसाठी मी आठवीपासून बोलत होते, ती त्यांनी मला दिली होती, आणि दिल्याबरोबर पहिलं काम प्रकाशचं सांगितलं होतं. रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, मायने तरी पाठीवर हात फिरवला असता. मी सरळ त्यांच्याच बोलीत विचारलं, "आन पोर नही का तुम्हले? मुलगी?"

नानांच्या कपाळावर आठी आली, बोटं गुडघ्यावर हलायला लागली. प्रकाशने मान दुसरीकडे वळवली. मग त्यांना सापडलं.

"शे ना," ते म्हणाले. "शोभा नाव शे तिनं." आणि माशी वारावी तसा हात हलवला. "तिनी काय काळजी बाई. ती आपली आपली पास व्हई जास."

मग ते खुर्ची माझ्याजवळ ओढून प्रकाशच्या फिजिक्सबद्दल सांगायला लागले.